सिंधूअक्कांकडचा मंगळवार

सिंधूअक्का कधी बसून चहा प्यायल्या नाहीत. दाराच्या चौकटीला खांदा लावायचा, तीन घोटांत कप रिकामा करायचा आणि पालथा घालून ठेवायचा. "बसा ना अक्का" म्हटलं की म्हणायच्या, "बसनू का मंग उठानं जिवावर येस." वर्तमानपत्र आलं की आधी निधनवार्ता. "कोण सुटलं पाहू," असं म्हणत त्या बोट ठेवून नावं वाचायच्या, आणि ओळखीचं कोणी नसलं की थोड्या हिरमुसल्यासारख्या पान उलटायच्या. कोणाच्याही घरात डब्याचं झाकण अर्धवट दिसलं की हात गेलाच. बोलणं चालू, आणि हात झाकण घट्ट बसवतोय.

धुळ्याला पांझरेच्या बाजूच्या आमच्या गल्लीत त्यांचं घर माझ्या औषधाच्या दुकानाला लागून. वर आम्ही राहतो, खाली दुकान. अक्का माझ्याहून जेमतेम दोन वर्षांनी मोठ्या, पण सगळी गल्ली अक्का म्हणते म्हणून मीही म्हणत आलो. त्या मला भाऊ म्हणायच्या. चिडल्या की 'मेडिकल'. "ओ मेडिकल, शटर जरा हळू पाडत जा. तुमचं शटर वाजलं का मना घरमा दूध नासस."

मी कमी बोलणारा माणूस आहे. गिऱ्हाईक चिठ्ठी देतं, मी औषध देतो. कोणाला काय झालंय ते मला बहुतेक वेळा त्याच्या घरच्यांच्या आधी कळतं, आणि ते पोटात ठेवायचं हाच या धंद्याचा धर्म, असं मी मानत आलो. या धर्माच्या आड लपून मी अक्कांचं काय केलं, ते टाळून अक्कांबद्दल लिहिता येणार नाही. लिहून पाहिलं. दोनदा कागद फाडला.

अक्कांचं नाव होतं ते खापरावरच्या पुरणपोळीसाठी. चुलीवर मातीचं खापर पालथं घातलेलं, खाली जाळ, आणि अक्का समोर मांडी घालून. तेवढ्यासाठी मात्र त्या बसत. पुरण भरलेला उंडा या हातावरून त्या हातावर जायला लागला की पोळी मनगटाच्या पुढे सरकायची, मग कोपरापर्यंत यायची, आणि आता फाटते असं वाटायच्या क्षणी दोन्ही हातांवरून अलगद खापरावर उतरायची. लाटणं नाही, पोळपाट नाही. नव्या सुना बघायला बसत. एखादीचा हात थरथरला की अक्का म्हणत, "भ्यानी का तू? भिऊ नको. पोयी भिणाराले वळखस." लग्न असो, जावळ असो, आजूबाजूच्या चार गल्ल्यांतून बोलावणं यायचं.

त्यांचे यजमान नाना डाळमिलमध्ये फिटर. सरळ माणूस, माझ्यासारखाच कमी बोलणारा. मुलगा योगेश जळगावला नोकरीला. आणि मुलगी मनीषा, जिच्या लग्नाचं मी जमवत होतो. दोंडाईच्याला माझ्या बायकोचे चुलतभाऊ आहेत, आम्ही त्यांना आबा म्हणतो. त्यांचा मुलगा चांगला, घर चांगलं. दोन्हीकडून होकाराची हवा होती, आणि दोन्हीकडे माझाच शब्द होता.

आखाडातली दुपार. दुकानात मी एकटा. अक्का डोकेदुखीची गोळी घ्यायला आल्या. काउंटरवर हात ठेवून म्हणाल्या, "भाऊ, सकाळपासून डोकं..." आणि वाक्य तिथंच थांबलं. डोळे एका बाजूला वळले. उजव्या हाताची बोटं काउंटरवर टकटक वाजायला लागली. ती टकटक हातभर चढली आणि अक्का खाली गेल्या. फळीवरच्या खोक्यांसकट.

मी त्यांना कुशीवर वळवलं, डोक्याखाली माझा रुमाल घातला, आजूबाजूची खोकी लाथेनं दूर सारली. रस्त्यावरून एक जण धावत आला तो हातात चप्पल घेऊनच, म्हणाला, "हुंगवा, हुंगवा." त्याला मी ओरडलो. मला सगळं ठाऊक होतं. तोंडात काही घालायचं नाही, दाबून धरायचं नाही, घड्याळ बघायचं. झटक्याच्या गोळ्या मी रोज विकत होतो. तीन-चार मिनिटांनी अंग सैल पडलं. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे परक्यासारखं पाहिलं.

"मी कशाला आले होते?"

"डोकेदुखीची गोळी, अक्का."

"मंग खाली कशी बसनू?"

आणि मी म्हणालो, "चक्कर आली. उपाशी होतात का?"

संध्याकाळी नानांना दुकानाच्या मागे घेऊन खरं सांगितलं. डॉक्टरला दाखवा म्हटलं. नाना म्हणाले, "भाऊ, तेवढं दोंडाईचानं जमू द्या. मंग दखाडू." झटका येणाऱ्या बाईची मुलगी कोण करणार, असं त्यांच्या मनात होतं. ते त्यांनी बोलून दाखवलं नाही आणि मीही बोलायला लावलं नाही. माझ्याही मनात तेच होतं, आणि वर आणखी एक: सोयरीक मोडली तर दोन्ही घरं मलाच विचारणार. मी मान हलवली. अक्कांना कोणीच काही सांगितलं नाही.

श्रावणात त्यांच्या भाऊबंदांकडे कानबाई बसली. रविवारची रात्र जागून काढायची, सोमवारी सकाळी देवी डोक्यावर घेऊन वाजतगाजत नदीवर जायचं. अक्का रात्रभर गाणी म्हणत होत्या, डोळ्याला डोळा नाही, सकाळी पोटात चहाशिवाय काही नाही. मिरवणूक आमच्या दुकानासमोर आली. फुगड्या चालल्या होत्या. अक्कांनी देवीचा चौरंग नुकताच जावेच्या डोक्यावर दिला होता. मी पायरीवर उभा होतो. त्यांची उजव्या हाताची बोटं हलायला लागलेली मला दिसली.

त्या पडल्या. वाजंत्री थांबली. बायका मागे सरल्या. त्या गर्दीत दोंडाईच्याच्या आबांची धाकटी बहीण होती, पाहुणी म्हणून आलेली. तिनं माझ्याकडे पाहिलं. दुकानवाला, शिकलेला माणूस, याला कळत असेल म्हणून.

तेव्हा मी म्हणालो, "देवी आली."

पहिल्यांदा मी म्हणालो. दुसऱ्या कोणाच्या तोंडून ते निघायच्या आधी. नंतर शंभर तोंडांनी म्हटलं, पण पहिलं तोंड माझं. लगेच कोणी कुंकू आणलं, कोणी ओटी आणली, वाजंत्री दुप्पट जोरात सुरू झाली. अक्का शुद्धीवर आल्या तेव्हा त्यांच्या पायांवर डोकी होती. त्यांनी पाय ओढून घ्यायचा प्रयत्न केला तर बायकांनी सोडले नाहीत.

तेव्हापासून मंगळवार सुरू झाला. पाच-सात बायका, कधी पुरुषही, अक्कांच्या ओट्यावर प्रश्न घेऊन बसू लागले. अक्का बिचाऱ्या खरं तेच सांगायच्या. एक बाई म्हणाली, मुलगा पुण्याहून फोन करत नाही, काय झालं असेल? अक्का म्हणाल्या, "माले काय ठाऊक माय? त्यालेच इचार ना." बाईनं तसंच केलं. मुलाला फोन लावला, मुलगा रडला, दिवाळीला घरी आला. झालं! पुढच्या मंगळवारी ओट्यावर जागा पुरली नाही. दुसऱ्या एकाला त्यांनी वैतागून सांगितलं, "घरी जा आणि झोप." तो तीन दिवस झोपला आणि उठून म्हणाला, देवीनं माझी पीडा काढली.

गल्लीला ही गंमत वाटे. अक्का मात्र वाळत चालल्या होत्या. मंगळवार कडकडीत उपास, सोमवारची अर्धी रात्र पूजेत. त्यात आणखी दोनदा झटका आला, दोन्ही वेळा मंगळवारीच. उपास आणि जागरण यांनी झटका ओढून आणला, हे मला कळत होतं. लोकांना त्यातून देवीचा वार पक्का झाला. एकदा दाराच्या चौकटीला टेकून त्या मला म्हणाल्या, "भाऊ, देवी मना तोंडातून काय बोलस ते बठ्ठास्ले ठाऊक. फक्त माले नही." आणि हसल्या. मी औषधांच्या बाटल्या सरळ लावत राहिलो.

मार्गशीर्षात दोंडाईच्याची मंडळी तारीख पक्की करायला आली. मध्यस्थ म्हणून जेवण माझ्याकडे. अक्कांनी कोणाचं ऐकलं नाही. "मनी पोरनं काम शे, पोया मीच करसू." माझ्या मागच्या अंगणात चूल मांडली, खापर चढलं. मी तीनदा जाऊन बघून आलो. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "ओ मेडिकल, पोळ्या मोजायला येता का पळवायला?" आबा, त्यांची बायको म्हणजे होणाऱ्या विहीणबाई, दोघी-तिघी पाहुण्या कौतुकानं भोवती उभ्या होत्या. दुपारचे बारा वाजले असतील.

पोळी कोपरापर्यंत आली आणि तिथंच राहिली. अक्का तिच्याकडे बघतच राहिल्या. मग त्या पुढे झुकल्या, आणि पोळीसकट डावा हात खापरावर गेला.

कोणी हललं नाही. आबांनी हात जोडले. पाहुण्यांनी पदर डोक्यावर घेतले. अंगात आलेल्या बाईला शिवायचं नसतं. ती रीत सगळे पाळत होते. वाईट माणूस तिथं एकही नव्हता. अक्कांचा हात खापरावर होता आणि आम्ही दहा-बारा माणसं हात जोडून उभे होतो. आम्ही म्हणतो, कारण पहिले क्षण-दोन क्षण मीही उभा होतो. माझेही हात जोडलेले होते.

मग मी त्यांना खांद्याला धरून मागे ओढलं. कोणीतरी म्हणालं, "अहो, शिवू नका!"

"देवी नाही ही!" मी ओरडलो. मी कधी ओरडत नाही, त्यामुळे आवाज चिरकला. "झटका आहे. फिट आहे. आखाडापासून येताहेत. मला ठाऊक आहे. पहिला माझ्या दुकानात आला. आणि देवी आली म्हणून मीच सांगितलं, खोटं सांगितलं. पाणी आणा, थंड पाणी!"

नाना खाली बसले. मनीषानं बादली आणली. विहीणबाई पुढे झाल्या आणि अक्कांचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं. बाकी मला नीट आठवत नाही. पुरण जळल्याचा वास आठवतो.

दवाखान्यात हाताला पट्टी झाली. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या खाटेशी गेलो. नाना मला बघून बाहेर निघून गेले. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, दुकानातल्या त्या दुपारपासून. सोयरिकीचं सांगितलं. 'देवी आली' कोण म्हणालं ते सांगितलं. अक्का छताकडे बघत होत्या.

"म्हणजे देवी नही व्हती?"

"नाही."

"एक डाव बी नही?"

"एकदाही नाही, अक्का. हा आजार आहे. मोठेपणी पण सुरू होतो. गोळ्यांनी आटोक्यात येतो."

त्यांनी असा काही श्वास सोडला की मला वाटलं त्रास होतोय. पण त्या हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी, आणि हसताहेत. "भाऊ, चार महिने माझा जीव थाऱ्यावर नव्हता. वाटायचं, देवी माझ्यात येते आणि माझ्याशीच एक शब्द बोलत नाही. असं काय पाप केलं मी? उपास वाढवला, अनवाणी गेले, हळदीकुंकवाला नवी साडी सोडली. आणि तुम्ही म्हणता गोळी!" पुन्हा हसल्या. मग नजर हाताच्या पट्टीवर गेली. "आते जा तुम्ही," म्हणाल्या.

मेंदूचा फोटो निघाला. डॉक्टरांनी समजावलं की डोक्यात एक जुना वाळलेला डाग आहे, जिऱ्याच्या दाण्याएवढा. न धुतलेल्या कच्च्या भाजीतून, पाण्यातून कधीतरी पोटात गेलेल्या किड्याच्या अंड्याची ती खूण. धोका मोठा नाही, पण गोळी चुकवायची नाही, उपास नाही, जागरण नाही. अक्कांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मनीषाला विचारलं, "मंग बठ्ठी गल्ली एका किडाना पाया पडी ऱ्हायनी व्हती?" डॉक्टरांनाच हसू आवरेना.

आबा मात्र अडले. तिसऱ्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात त्यांनी मला गाठलं. "भाऊजी, तुम्ही आम्हाला अंधारात ठेवलं. हे रक्तात असतं का? उद्या पोरीला..." मागून विहीणबाई आल्या. त्यांनी आवाज चढवला नाही. "डॉक्टर सांगी गया ना, रक्तातलं नही? तुमना घरमा काय काय शे ते मी सांगू का आठे?" आबा खोकले. विहीणबाई आत गेल्या, खाटेच्या कडेला बसल्या, आणि अक्कांना विचारलं, "विहीणबाई, गोळी जेवणाआधी घ्यायची का नंतर? लग्नाच्या दिवशी तुमची वेळ मी सांभाळते."

माघात लग्न झालं. अकरा वाजता विहीणबाई भर मांडवातून पाण्याचा पेला घेऊन आल्या आणि अक्कांनी गोळी सगळ्यांदेखत गिळली.

मला त्यांनी काय शिक्षा केली ते सांगायला हवं. त्या रागावल्या ते नंतर. सुटका आधी झाली, राग मागून आला, आणि तो राग त्यांनी स्वच्छ वापरला. गोळ्या माझ्याकडून घ्यायचं बंद. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात माझ्या दुकानावरून, माझ्याकडे बघत, पिशवी हलवत, कोपऱ्यावरच्या दुसऱ्या औषधवाल्याकडे जायच्या. येतानाही त्याच रस्त्यानं. वर्षभर हे चाललं. एकदा त्या दुकानात गोळी संपली होती, एक दिवस चुकला, आणि तिसऱ्या दिवशी त्या घरात पडल्या. त्यानंतर गोळी चुकली नाही आणि झटकाही आला नाही. पाच वर्षं होऊन गेली. तो डावा हात पूर्ण वळत नसे, कातडी ओढलेली होती. पोळी करायच्या, पण शेजारी एक जण बसवून, आणि मोठ्या पोळीचा नाद सोडून.

वर्ष संपता संपता एका सकाळी माझ्या काउंटरवर चिठ्ठी आपटली. "त्याच्याकडे सुटे नसतात," एवढंच म्हणाल्या. मी गोळ्या दिल्या. सुटेही मोजून दिले.

मंगळवार मात्र बंद झाला नाही, हे विशेष. लोकांना सांगून झालं की देवी नव्हती, फिट होती. तरी काही जण यायचेच. अक्कांनी त्यांना हाकललं नाही. प्रश्न ऐकून घ्यायच्या आणि ज्याचं दुखणं दिसेल त्याला सरळ सांगायच्या, कोणत्या डॉक्टरला दाखव, किती वाजता रांग लागते, उपाशी जायचं का जेवून. "देवी सांगस असं समजा आणि जा," म्हणायच्या. माणसं जायची. गावाकडे कोणाला झटके येतात असं कळलं की लोक त्याला आपोआप अक्कांच्या ओट्याचा पत्ता द्यायचे.

आता त्या जळगावला योगेशकडे राहतात. जायच्या आधीचा शेवटचा मंगळवार मला आठवतो. पिंपळनेरकडची एक बाई आली होती, सोबत तिशीची सून. सुनेच्या गळ्यात काळ्या दोऱ्यांची जुडी, ओठाच्या कोपऱ्यावर ताजी जखम. अक्का दोघींना ओट्यावरून उठवून थेट माझ्या दुकानात घेऊन आल्या. दुकानात सात-आठ गिऱ्हाइकं. सासू घाबरत म्हणाली, "अक्का, लोकांपुढे नको. हिला बाहेरचं झालंय म्हणतात."

अक्कांनी माझ्याकडे बोट केलं. "याले इचार. याले बठ्ठं ठाऊक ऱ्हास. फक्त सांगाले येळ लागस."

दुकान हसलं. अक्का हसत नव्हत्या. माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

मी हातातली चिठ्ठी खाली ठेवली. सुनेला स्टूल दिलं. "ताई, बोटं आधी हलतात का? नंतर काही आठवत नाही?" तिनं सासूकडे पाहिलं, मग मान हलवली. "हे झटके आहेत. बाहेरचं काही नाही, तुमचा दोष नाही. आजच दाखवायचं. मी चिठ्ठीवर डॉक्टरांचं नाव लिहून देतो." सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोललो. मागे कोणीतरी खोकलं. दुसरं कोणी म्हणालं, "माझ्या भावाला पण होतं तसं, आता बरा आहे."

चिठ्ठी लिहून वर पाहिलं तर अक्का रस्त्यावर पोचल्या होत्या. रिक्षा थांबवून रिक्षावाल्याशी भांडत होत्या, तीन बायका बसतील का नाही म्हणून. बसवल्याच त्यांनी. सुनेला मध्ये घेतलं, स्वतः कडेला, आणि रिक्षा वळेपर्यंत तो भाजलेला हात त्या मुलीच्या पाठीमागून सीटमागच्या दांडीला घट्ट धरलेला दिसत होता.